चंद्राची माती तापवली तर चिखल होईल का?

दिग्रसकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: "चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ मातीत बर्फ आहे असं आम्ही शिकवतो. ती माती तापवली तर बर्फ वितळून चिखल होईल का? किती अंशांवर पाणी सुटेल? आणि ओल्या मातीचा गोळा तव्यावर तापवून पोरांना दाखवला तर चालेल का?"

ताई, आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या उत्तराला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी २६ वर्षं इंजेक्शनची औषधं बनवणाऱ्या कारखान्यांत लायोफिलायझर चालवले. औषध आधी गोठवायचं, मग हवा काढून टाकलेल्या पेटीत त्यातल्या बर्फाची थेट वाफ करायची आणि कोरडी भुकटी मागे ठेवायची, असं ते यंत्र. आता वरूड तालुक्यात गावी असतो आणि त्याच पद्धतीने संत्र्याच्या फोडी वाळवण्याचं छोटं युनिट चालवतो. चंद्राची माती मी पाहिलेली नाही. पण हवा नसलेल्या जागी, सच्छिद्र पदार्थात अडकलेला बर्फ तापवल्यावर काय करतो, हे मी रोज बघतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक गुंतले आहेत. बर्फाचं काय होतं, हा पहिला. त्याचं उत्तर सोपं आहे. उष्णता त्या बर्फापर्यंत पोचते कशी आणि सुटलेली वाफ जाते कुठे, हा दुसरा. खरी अडचण तिथे आहे, आणि पुस्तकांत नेमका तोच भाग गाळलेला असतो.

पहिल्यापासून सुरू करू. पाणी द्रवरूपात राहायला नुसतं तापमान पुरत नाही, वरून दाबही लागतो. तो दाब सुमारे ६.१ मिलिबारच्या खाली गेला की द्रव पाणी टिकूच शकत नाही. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १,०१३ मिलिबार असतो, म्हणून आपल्याला बर्फ वितळताना दिसतो. चंद्रावर दाब जवळजवळ शून्यच म्हणायचा. तिथे उघड्यावरचा बर्फ तापवला की तो सरळ वाफ होऊन निघून जातो. आपल्या पाठ्यपुस्तकात यालाच संप्लवन म्हटलंय. तेव्हा उघड्या जमिनीवर चिखल होणार नाही.

किती अंशांवर, हे विचारताना आपल्या मनात १०० अंशांवर उकळणारं पातेलं असतं. बर्फाला तशी एकच रेषा नाही, तो प्रत्येक तापमानाला थोडीफार वाफ सोडतच असतो. फ्रीजरच्या ट्रेमध्ये महिना-दोन महिने पडून राहिलेले बर्फाचे खडे बारीक झालेले तुम्ही पाहिले असतील, ते यामुळेच. उणे २० अंशांना बर्फाच्या वाफेचा दाब साधारण १ मिलिबार असतो, उणे ४० ला ०.१३ आणि उणे ६० ला ०.०१. म्हणजे दर २० अंश खाली गेलं की दाब जवळपास दहाव्या हिश्श्यावर येतो. असं उतरत उणे १६० अंशांच्या आसपास पोचलं की वाफ इतकी कमी होते की मिलिमीटरभर बर्फ उडून जायला शंभर कोटी वर्षांच्या घरात काळ लागतो. ध्रुवाजवळच्या ज्या खड्ड्यांत ऊन कधीच पोचत नाही तिथे तापमान याच्याही खाली असतं. २००९ मध्ये चंद्राभोवती फिरायला गेलेल्या अमेरिकेच्या ऑर्बिटरने उत्तर ध्रुवाजवळच्या हर्माइट विवरात सुमारे उणे २४७ अंश मोजले होते. तिथला बर्फ टिकलाय तो यामुळे. त्याला हलवायला शून्य अंशापर्यंत न्यायचीही गरज नाही. उणे ६०, उणे ५० पर्यंत आणला तरी तो भराभर सुटू लागेल.

कागदावर तरी असंच दिसतं. उणे ४० अंशांचा उघडा बर्फ निर्वात जागेत तासाला दर चौरस मीटरमागे ५० किलोच्या वर वाफ सोडू शकतो, पण त्याला तेवढी उष्णता सतत मिळत राहिली तरच. किलोभर बर्फाची थेट वाफ करायला सुमारे २,८४० किलोज्यूल लागतात, म्हणजे तोच बर्फ नुसता वितळवायला लागते त्याच्या साडेआठपट. ही उष्णता मातीतून जायची आहे, आणि चंद्राची माती ती जाऊ देत नाही.

हे मला कारखान्यात फार लवकर कळलं. लायोमध्ये, म्हणजे त्या लायोफिलायझरमध्ये, ट्रे लावला की पहिले काही तास बर्फ झपाट्याने सुटतो. मग वरचा थर कोरडा होतो, आणि तो थरच खालच्या बर्फाचं पांघरूण बनतो. बर्फाची सीमा जसजशी खाली सरकते तसतसं काम रेंगाळत जातं. नवीन आलेला ऑपरेटर हमखास अशा वेळी शेल्फचं, म्हणजे ट्रेखालच्या तापणाऱ्या फळीचं, तापमान वाढवतो आणि बॅच खराब करतो.

आपल्या कास्तकाराला हे वेगळ्या रूपात माहीत असतंच. पाऊस उघडला की तो कपाशीत डवरणी करतो. वरची दोन बोटं माती भुसभुशीत झाली, भेगा बुजल्या, की खालची ओल टिकते. कोरड्या सैल मातीचा थर उन्हालाही अडवतो आणि वाफेलाही. चंद्रावर हा थर अब्जावधी वर्षं उल्का आपटून-आपटून तयार झाला आहे. कण सरासरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक आणि काचेच्या चुऱ्यासारखे टोकदार. एकमेकांना ते नुसत्या टोकांनी टेकलेले, आणि मधल्या पोकळीत हवाच नाही. आपल्या मातीत बरीच उष्णता या पोकळीतली हवा आणि ओल वाहून नेते. तिथे ते दोन्ही नसल्यामुळे वरची माती स्तब्ध हवेपेक्षाही वाईट उष्णतावाहक आहे. थर्मोकोलसुद्धा तिच्यापुढे फिका पडेल.

हे आपल्याच यानाने मोजलं. चंद्रयान-३ चं लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, त्यावर चॅस्ट नावाची सुई होती, दहा तापमापक लावलेली. ती मातीत रुतवल्यावर इस्रोने जो पहिला आलेख दिला त्यात वर ५० अंशांहून जास्त आणि फक्त ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंश होते. वीतभरही खोली नाही आणि ६० अंशांचा फरक! आपल्याकडे मे महिन्यात ४६ अंशांच्या उन्हात वावर उकरलं तर वीतभर खाली माती गारशी लागते, पण ती गोठलेली लागणार नाही. हा आलेख वर्गात फळ्यावर काढाच. पोरांना आपल्या जमिनीशी ताडून बघता येतो.

आता एक हिशेब करू. मातीची उष्णतावहनक्षमता ०.००३ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरली, जी वरच्या थरांसाठी रास्त आहे. बर्फावर ५ सेंटिमीटर कोरडी माती आहे. आरशांनी ऊन पाडून वरचा पृष्ठभाग ११० अंशांवर नेला, खाली बर्फ उणे ४० वर. फरक १५० अंशांचा. दर चौरस मीटरमागे खाली जाणारी उष्णता येते फक्त ९ वॅट. तेवढ्या उष्णतेत तासाला सुटतो जेमतेम ११ ग्रॅम बर्फ, चोवीस तासांत पाव किलोच्या थोडा वर. आणि तेवढ्यासाठी पृष्ठभाग ११० अंशांवर धरून ठेवायला चौरस मीटरला जवळपास १,२०० वॅट ओतत राहावे लागतात, कारण तापलेली माती ते सगळे आकाशात परत फेकते. बाराशेतले नऊ कामाचे. वर ५० किलो म्हटलं होतं, प्रत्यक्षात ११ ग्रॅम निघाले. ताई, तुमच्या प्रश्नाचा गाभा मला या फरकात दिसतो.

खड्ड्याच्या काठावर आरसे लावून आत ऊन पाडायचं, जमिनीवर तंबूसारखं आवरण टाकायचं आणि सुटलेली वाफ बाजूच्या थंड पेट्यांत गोठवायची, अशी कल्पना कोलोरॅडोच्या खनिकर्म विद्यापीठातल्या जॉर्ज सॉवर्स यांनी मांडली आहे. कल्पना देखणी आहे, खोदकाम वाचतं. जिथे बर्फ अगदी वरच असेल तिथे ती सुरुवातीला चालेलही. पण वरचा थर वाळत गेला की वेग पडतोच, म्हणून त्या आराखड्यातही जमिनीत उष्णता नेणारे दांडे खुपसायची सोय ठेवलेली आहे.

वाफेचा स्वभावही समजून घ्यायला हवा. वाफ वर जाते असं आपण म्हणतो, कारण आपल्याकडे तिला हवा वर ढकलते. हवाच नसेल तर तिला वर-खाली काही नसतं, ती जिथे दाब कमी आणि थंडी जास्त तिकडे जाते. चंद्राच्या खड्ड्यात मातीचा एक भाग तापवला तर त्याच्या खाली आणि चहूबाजूंनी उणे २०० अंशांच्या खालची माती पसरलेली असते. काही वाफ वरच्या मोकळ्या जागेत निसटेल, पण बरीचशी आतल्या आत थंड मातीकडे सरकेल आणि तिथे पुन्हा बर्फ होऊन बसेल. म्हणजे तुम्ही शेगडी लावून बर्फ काढला नाही, हातभर पलीकडे सरकवला. शिवाय तिथली छिद्रं बुजली, म्हणजे मागून येणाऱ्या वाफेची वाटही अडली.

आमच्या पेटीत हा स्वभाव आम्ही कामाला लावतो. व्हॅक्यूम पंप वाफ ओढतो असा अनेकांचा समज आहे, पण ते काम पंपाचं नाही. १ ग्रॅम बर्फाची वाफ ०.१ मिलिबार दाबाला एका लहान खोलीएवढी, दहा घनमीटरच्या आसपास जागा व्यापते. इतकी वाफ कुठलाच पंप ओढू शकत नाही. पंप फक्त हवा काढून वाट मोकळी करतो. वाफ ओढतो तो कंडेन्सर, म्हणजे उणे ५० ते उणे ८० अंशांवर ठेवलेली नळ्यांची गुंडाळी. वाफ धावत जाऊन तिच्यावर बर्फ होते. आम्हाला त्या थंडीसाठी महिन्याला केवढं वीजबिल भरावं लागतं! चंद्रावरच्या सावलीत ती फुकट आहे. फक्त तुमची थंड पेटी ही त्या वाफेला सगळ्यात जवळची आणि सगळ्यात मोकळी थंड जागा असली पाहिजे, नाहीतर वाफ मातीलाच पसंत करेल.

एका कारखान्यातली एक रात्र मी विसरलेलो नाही. बॅच मोठी होती, वरून घाई होती, मी शेल्फ ठरल्यापेक्षा लवकर तापवले. वाफ एकदम इतकी सुटली की कंडेन्सरला पेलवेना. पेटीतला दाब चढला, औषधाचं तापमान त्याच्यामागे चढलं, आणि पहाटे पाहतो तो निम्म्या बाटल्यांमध्ये पांढऱ्या भुकटीऐवजी चिकट पाक. बाकीच्यांपैकी काहींतली भुकटी वाफेच्या झोताबरोबर उडून बुचाला चिकटलेली. माझ्या हातून रुग्णांचं औषध वाया गेलं होतं, त्या रात्रीची बोच अजून आहे. पण दोन गोष्टी कायमच्या कळल्या. वाफ निघायच्या वेगापेक्षा उष्णता जोरात दिली तर दाब चढतो आणि बर्फ वितळूही शकतो. आणि जोरात सुटणारी वाफ कोरडे कण बरोबर घेऊन उडते. चंद्रावर गुरुत्वाकर्षण आपल्या सहाव्या भागाएवढं, तिथे ते अजून सहज उडतील, आणि ती टोकदार धूळ झडपा आणि सील खाऊन टाकेल.

म्हणून चिखलाबद्दलचं माझं पूर्ण उत्तर असं: उघड्या जमिनीत नाही, बंद भांड्यात होऊ शकतो. माती उपसून भांड्यात भरली, झाकण घट्ट लावलं, आणि तापवताना आतला दाब ६ मिलिबारच्या वर जाऊ दिला, तर शून्य अंशाला बर्फ वितळेल आणि चिखलच होईल. तरीही भांड्याची पद्धत मला जास्त पटते. आत वाफेचा थोडा दाब, एखाद-दोन मिलिबार, राहू दिला तर तीच वाफ कणांमधून उष्णता वाहून नेते आणि तापवणं कित्येक पटींनी सुधारतं. आम्ही लायोमध्ये मुद्दाम थोडा नायट्रोजन सोडतो तो याचसाठी. माती फिरवत ठेवता आली तर कोरड्या थराची अडचणही उरत नाही. राहतं खोदण्याचं काम, आणि ते सोपं नाही: इतक्या थंडीत बर्फाने जखडलेली माती काँक्रीटसारखी कडक होते.

आता परिस्थितीवर अवलंबून काय, तेही सांगायला हवं. कायम सावलीतल्या खड्ड्यातली माती अजून पृथ्वीवर आलेली नाही, आपलं ज्ञान दुरून घेतलेलं आहे. चंद्रयान-१ वरच्या एम-क्यूब उपकरणाच्या नोंदींतून पाण्याची खूण २००९ मध्ये जाहीर झाली, आणि त्याच नोंदी पुन्हा तपासून २०१८ मध्ये ध्रुवांवर पृष्ठभागावरच्या बर्फाचा पुरावा मांडला गेला. ९ ऑक्टोबर २००९ ला नासाने कॅबियस विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा आपटवला आणि उडालेल्या धुरळ्यातून वजनाने ५.६ टक्के पाणी असावं असा अंदाज काढला, त्यात २.९ टक्के वर-खाली. ही एका खड्ड्यातल्या एका जागेची गोष्ट. बाजूच्या खड्ड्यात १ टक्का असू शकतो, किंवा काहीच नसेल.

टक्केवारीने हिशेब कसा बदलतो बघा. १०० किलो माती उणे २२० पासून उणे ५० पर्यंत तापवायची आणि बर्फ काढायचा. ५ टक्के बर्फ असेल तर माती-बर्फ तापवायला आणि वाफ करायला मिळून सुमारे ६ युनिट वीज लागते, म्हणजे लिटरमागे सव्वा युनिट. १ टक्काच असेल तर तीच माती जवळपास तेवढीच तापवावी लागते आणि हाती येतं एकच लिटर, अडीच युनिटांच्या वर खर्चून. शिवाय हा गळती न धरता केलेला हिशेब आहे.

बर्फ बसला कसा आहे, यावरही बरंच ठरतं. मातीत मिसळलेले सुटे कण असतील तर ते लवकर सुटतात. छिद्रं भरून कण जोडले गेले असतील तर उष्णता आत बरी जाते, पण वाफेची वाट बंद असते. कणांच्या पृष्ठभागाला रेणूरेणूने चिकटलेलं पाणी बर्फापेक्षा जास्त उष्णता मागतं. आणि खनिजातच बांधलेलं हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, काढायला कित्येकशे अंश लागतात, त्याला बर्फ म्हणूच नये. म्हणून माती सावकाश तापवत तिचं वजन कोणत्या तापमानाला किती घटतं हे टिपणं, ही खरी परीक्षा. भारत आणि जपान मिळून आखत असलेल्या ल्यूपेक्स मोहिमेच्या रोव्हरवर नेमकं असं तापवून वजन करणारं उपकरण आहे. माझं लक्ष त्याच्याकडे लागलेलं आहे.

मायक्रोवेव्हबद्दलही कुणीतरी विचारेलच. गोठलेली भाजी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली की एक कोपरा उकळतो आणि मधला गोळा तसाच राहतो, कारण बर्फ त्या लहरी फारशा घेतच नाही, द्रव पाणी घेतं. चंद्रावर द्रव पाणी नसल्यामुळे लहरी घेईल ती माती, तिच्यातल्या लोहयुक्त कणांमुळे. फायदा एवढाच की उष्णता वरून झिरपावी लागत नाही, आतच तयार होते.

मिळालेलं पाणी लगेच पिण्यासारखंही नसेल. कॅबियसच्या धुरळ्यात हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथेनॉलच्या खुणा होत्या, पाराही सापडला. यातले बरेचसे बर्फाच्या आधी सुटतात, म्हणून कमी तापमानाला सुटलेली पहिली वाफ वेगळ्या पेटीत काढायची.

राहिला तुमचा वर्ग. ओल्या मातीचा गोळा तव्यावर ठेवू नका. त्यात पोरांना चिखल वाळताना दिसेल, म्हणजे जे चंद्रावर होत नाही तेच. त्याऐवजी पूजेचा कापूर घ्या. तो साधारण १८० अंशांपर्यंत वितळत नाही, पण त्याच्या खूप आधीपासून वाफ होत राहतो. स्टीलच्या दोन सारख्या उभट वाट्या घ्या. दोन्हींच्या तळाशी कापराचा चुरा सारखाच घाला. एकीत वर अर्धा इंच कोरडी बारीक रेती, दुसरीत दोन इंच. दोन्हींवर स्टीलच्या ताटल्या, ताटल्यांत बर्फाचे तुकडे. वाट्या गरम पाण्याच्या परातीत अर्धा-पाऊण तास ठेवा, पाणी निवलं की बदला. गॅस किंवा चूल जवळ नको, कापूर लगेच पेट घेतो. खिडक्या उघड्या ठेवा, आणि कापूर पोटात गेला तर विषारी असतो, तेव्हा लहान पोरांच्या हातात देऊ नका.

पहिल्या ताटलीच्या खालच्या बाजूला पांढरे स्फटिक धरतील. दुसरीची जवळपास कोरी राहील. मग दुसऱ्या वाटीतली रेती चमच्याने थराथराने काढायला लावा, आणि कापूर कुठवर येऊन थांबला ते पोट्ट्यांनाच शोधू द्या. वरच्या गार रेतीत बारीक चमक दिसेल. आपल्याकडे वाट्यांत हवा असते, त्यामुळे वेग चंद्रापेक्षा कमी पडतो, एवढं त्यांना सांगा. प्रयोग झाला की सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावा.